कुलदीपच्या वतीनं

अड्याळ
४ मार्च २०२४

कुलदीप,

तुझा पत्ता तेजरामकडून घेतला. तो देत नव्हता. तुमसरला त्याच्या घरी जाऊन बसली, एक चहा झाला, दुसरा झाला, तेव्हा कुठं त्यानं कागदावर लिहून दिला. तुझ्यासोबत सहा वर्षं मिलमध्ये काम केलेला माणूस, आणि तुझ्या सख्ख्या बहिणीला पत्ता द्यायला एवढा विचार करते. तू माझा नंबर बंद करून ठेवला म्हणून हे पत्र. पोस्टातली बाई म्हणाली, आता कोण पत्र लिहिते मॅडम. मी म्हटलं, भाऊ रायपूरला असते, त्याला माझं अक्षर आवडते.

तू गेला त्याला आज तेवीस दिवस झाले. चिठ्ठी ठेवली ती एका ओळीची. "ताई, मी चाललो, बाबाले सांग." काय सांगू बाबाला? मी सांगितलं, कुलदीपला तिकडं चांगलं काम लागलं, घाईनं बोलावलं त्याला. बाबानं मान हलवली आणि बैलाला पाणी पाजायला गेला. त्याचं तेच.

तू काहून गेला ते मला माहीत आहे. सिहोऱ्याच्या मुलीनं नाही म्हटलं ते तुझ्या मनाला लागलं. पण त्याच्यात माझ्यावर राग कशाचा? पाहायला गेलो तेव्हा तिच्या घरी मी सगळं सांभाळून घेतलं. तिनं तुला काही विचारलं की तुझी मान खाली जायची, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि ते त्या खोलीत फक्त मला दिसत होतं. आठ माणसांसमोर मी तुला अडकू दिलं नाही. तू चौथीत होता तेव्हापासून हेच करत आली. शाळेत पोरं तोतऱ्या म्हणत तेव्हा भांडायला कोण गेलं? दुकानात तुला "साखर" म्हणता येत नव्हतं तर सोबत कोण उभं राहात होतं? माय दिवसभर लोकांच्या बांधीत धानाचा रोवणा करायची, बाबा मुळातच मुका माणूस. तुझी जीभ मीच झाली. तुझ्यापायी लग्नसुद्धा केलं नाही.

याच्यात माझं काय चुकलं ते एकदा सांग. खरं सांग. मी रागावणार नाही.

तुझी ताई


अड्याळ
१९ एप्रिल २०२४

कुलदीप,

उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं असं तेजराम म्हणाला, म्हणजे तू वाचलं असशील, नाही तर तसंच ठेवून दिलं असशील.

अंगणवाडीत एक गोष्ट झाली. कोणाला सांगावी कळत नाही म्हणून तुला लिहिते. केवळरामभाऊची नात आहे न, तीन वर्षांची, ती सात महिन्यांपासून येते पण तोंडातून शब्द काढत नाही. मी तिच्या आईला सांगितलं होतं, भंडाऱ्याला नेऊन कान तपासून आण. मागच्या आठवड्यात मी घरोघरी आहार वाटून मागच्या दारानं आत आली, तर कुंताबाई तांदूळ निवडत बसली होती आणि ती पोरगी तिच्या मांडीला टेकून बोलून राहिली होती. बकरीला पिल्लू झालं, ते पांढरं आहे, त्याचा एकच पाय काळा आहे, ते माझ्याच मागं येते. मला पाहिलं आणि गप्प.

मी म्हटलं, "कुंताबाई, हे तुमी मले सांगतलं काहून नाही?"

कुंताबाई आठ वर्षं माझी मदतनीस आहे. कधी उलटून बोलली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. "मॅडम, राग येईल तुमाले."

"नाही येत. बोला."

"तुमी पोरायले बोलूच नाही देत. तुझं नाव काय म्हणून इचारता, आन् तिनं तोंड उघडाच्या अगोदर तुमीच सांगून देता. मंग ते कायले बोलन?"

मी म्हटलं, पंचवीस पोरं असतात, मोबाइलवर माहिती भरायची असते, एकेकाच्या तोंडाकडं पाहात बसली तर काम कोण करणार.

"कामाचं नाही हे, मॅडम. कुलदीपचंबी तसंच होतं."

"कुलदीपचं काय होतं?"

"येत होता न तो माह्या घरी. बसत होता, बोलत होता. अटकत होता, पण बोलत होता. तुमी रस्त्यानं दिसल्या का बंद."

राग नाही येत म्हटलं होतं, पण आला. दोन दिवस मी तिच्याशी कामाशिवाय बोलली नाही. सातवी शिकलेली बाई मला पोरं सांभाळायला शिकवते. मग राग जिरला आणि दुसरंच डोक्यात बसलं. तू तिच्या घरी जात होता हे मला माहीतच नव्हतं. किती वर्षं? काय बोलत होता? तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

पण तिचं ऐकून मी काही ठरवत नाही. माणूस एखाद्यावर जळते तेव्हा असं बोलते. मी सिहोऱ्याला जाऊन मनालीला विचारणार आहे. तिनं नाही म्हटलं ते तुझ्या जिभेपायी म्हटलं, हे ती स्वतः सांगेल.

ताई


अड्याळ
२६ मे २०२४

कुलदीप,

सिहोऱ्याला जाऊन आली. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तरी तू काय उत्तर देणार होता.

भंडारा, तुमसर, सिहोरा, तीन गाड्या बदलल्या. मनाली घराच्या बाजूच्या पिठाच्या गिरणीत होती. तिचा बाप आता बसत नाही, तीच चालवते. माझ्याकडं पाहिलं, हातातलं दळण पूर्ण केलं, मग गिरणी बंद केली. ओढणीला, केसांना पीठ लागलेलं होतं. तिनं मला स्टूल दिला आणि स्वतः गव्हाच्या पोत्यावर बसली.

मी ठरवून गेली होती ते बोलली. माझा भाऊ हुशार आहे, बी.कॉम. झाला, व्यसन नाही, जिभेचा थोडा दोष आहे पण तो मनाचा दोष नाही. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "ताई, त्याची जीभ अटकते हे मले अगोदरच माहीत होतं. मध्यस्थानं सांगतलं होतं. मले त्याचं काही नव्हतं."

"मग नाही काहून म्हटलं?"

"मी त्याले तीन गोष्टी इचारल्या होत्या. गावात राह्याचं आहे का शहरात. माझी गिरणी चालू ठेवली तर चालन का. आन् मी त्याले पसंत आहे का. तिन्हीचं उत्तर तुमी देलं."

मी म्हटलं, तो लाजून राहिला होता, त्याच्या चेहऱ्यावर दिसून राहिलं होतं.

"मले नव्हतं दिसून राहिलं. मले ऐकाचं होतं."

मी पुन्हा काही बोलायला गेली. तिनं हात वर केला, शाळेत मास्तर करते तसा. मी तिला मधात तिसऱ्यांदा तोडत होती, हे तिचा हात वर गेल्यावर मला कळलं.

"ताई, तुमी वाईट नाही," ती म्हणाली. "पण लग्न होऊन तुमच्या घरात आली असती तर मी बोलली असती कोणासंगं? नवऱ्यासंगं का तुमच्यासंगं?"

मी उठून निघणार होती तेव्हा तिनं शेवटचं सांगितलं. तू तिला फोन केला होता. तिच्या भावाकडून नंबर घेतला, म्हणाली, आणि वीस मिनिटं बोलला. अडकला, थांबला, पुन्हा बोलला, आणि तिन्ही उत्तरं दिली. मी विचारलं, काय दिली. ती म्हणाली, ती उत्तरं माझ्यासाठी होती.

"मग?"

"मंग काय. तोवर बाबानं बालाघाटकडं सुपारी फोडली होती. चार दिवस उशीर झाला."

लग्न पुढच्या महिन्यात आहे तिचं. मला पत्रिका द्यायला लागली, मी घेतली नाही. परत येताना गाडीत जागा मिळाली नाही ते बरं झालं. उभं असलं की माणूस रडत नाही.

माझ्यापायी गेली ती. तू मला हे सांगितलं नाही. तेवढ्यासाठी गेला का? मला वाटते तेवढ्यासाठी नाही. अजून काहीतरी आहे आणि ते काय असेल याचा मला अंदाज आहे. पण आज लिहिण्याची ताकद नाही.

ताई


अड्याळ
११ जुलै २०२४

कुलदीप,

अंदाज खरा निघाला. तेजरामला मी सरळ विचारलं, तू त्याला मिलचं सांगितलं का. तो म्हणाला, हो, सिहोऱ्याहून आल्यावर आठ दिवसांनी सांगितलं. "सहा वर्षं पोटात ठेवलं ताई. त्या दिवशी तो म्हणून राहिला होता का माझ्यात काहीच नाही. मंग मले राहवलं नाही."

तुला त्याच्याकडून कळलंच आहे, तरी माझ्या हातानं लिहिते. २०१८ मध्ये मालक मधुकररावांनी तुला मिलच्या ऑफिसात घेतलं होतं, खिडकीवर. धान घेऊन येणाऱ्या लोकांशी बोलायचं, व्यापाऱ्यांचे फोन घ्यायचे. तुझी मुलाखत चांगली झाली होती. तू त्या दिवशी घरी येऊन मायला उचलून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तुला न सांगता तुमसरला गेली. मधुकररावांना म्हटलं, साहेब, तो भिडस्त आहे, खिडकीवर लोक हसतील, त्याला मागं वजनकाट्यावर ठेवा. त्यानंच सांगायला पाठवलं आहे मला. ते म्हणाले, असं आहे का, मला तर तो चांगला वाटला. मी म्हटलं, नाही साहेब, त्याचीच इच्छा आहे. तेजराम दारात उभा राहून ऐकत होता.

तुझीच इच्छा आहे. माझ्या तोंडून हे शब्द निघाले आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. मला खरंच वाटत होतं की तुझी इच्छा मला माहीत आहे.

सहा वर्षं तू धुळीत पोती मोजली आणि समजत राहिला की मालकानं तुझं बोलणं ऐकून तुला मागं टाकलं. दर महिन्याला घरी येत होता, कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. मी तर लोकांना सांगत होती, मीच लावून दिलं त्याला मिलमध्ये.

तेजराम एप्रिलमध्ये रायपूरला तुझ्याकडं येऊन गेला, तेही त्यानं आता सांगितलं. तू पंपाच्या दुकानात काउंटरवर बसते. दिवसभर गिऱ्हाईक येते, हिंदीत बोलते, छत्तीसगढीत बोलते, तू त्यांना मोटर समजावून देते. मी विचारलं, अडकते का? म्हणाला, अडकते न. मग लोक काय करतात? "काय करतीन? थांबतात. मोटर घ्याची असते त्यायले."

थांबतात. एवढंच करायचं होतं.

माफी मागायला कागद घेतला होता. पण माफी मागितली की तू काय म्हणशील ते मीच मनात तयार करून राहिली आहे, ताई जाऊ दे, असं. म्हणून मागत नाही.

ताई


अड्याळ
३० ऑगस्ट २०२४

कुलदीप,

थोडंच लिहिते. गप्प राहायचा प्रयत्न करून राहिली आहे. जमत नाही. मीटिंगमध्ये पर्यवेक्षिका मॅडम दुसऱ्या सेविकेला विचारतात आणि उत्तर माझ्या तोंडातून निघून जाते. पहिले हे मला दिसत नव्हतं, आता दिसते, पण निघून गेल्यावर दिसते. लोकांचे चेहरे पाहते. वीस वर्षांपासून हेच चेहरे असतील.

काल बाबाला म्हटलं, कुलदीपपायी माझं लग्न राहिलं, आणि त्यालाही मी सुखानं जगू दिलं नाही. बाबा भात खाऊन राहिला होता. म्हणाला, "लगन त्याच्यापायी नाही राह्यलं तुझं. चार जागा आल्या होत्या. चारी तूच नको म्हणली. तो तर लहान होता, त्याले काय समजत होतं. त्याच्यावर कायले टाकतं?" आणि ताट घेऊन उठला.

मी हे तुझ्यासमोर किती वेळा म्हटलं असेल, कुलदीप? पाहुण्यांसमोर, मायसमोर. तू एकदाही नाही म्हटलं नाही. म्हणता येत नव्हतं का तुला, की मी वेळ दिला नाही?

ताई


अड्याळ
२४ नोव्हेंबर २०२४

कुलदीप,

तू येऊन गेला.

मी दोन दिवस भंडाऱ्याला प्रशिक्षणाला होती. परत आली तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसला होता, दाढी केलेली, अंगात नवीन स्वेटर. मी विचारायच्या आत म्हणाला, "कुलदीप आला होता. कालच्या सकाळपासून आज दुपारपर्यंत होता." मी धावत आत गेली, का गेली कोण जाणे, तू तर गेलेला होता.

मी नसताना यायचं म्हणून तू कुंताबाईला फोन करून तारखा विचारल्या. मी विचारलं तेव्हा तिनं लपवलं नाही. म्हणाली, "मीच सांगतलं त्याले, मॅडम. तुमाले सांगू नको म्हणला तर नाही सांगतलं. आता इचारलं तर सांगून राह्यली." तिनंच सांगितलं की आदल्या दिवशी तिसऱ्या पहरी अंगणातून तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. बाबाचा हसण्याचा आवाज तिनं ओळखलाच नाही, पाहायला आली कोण आहे म्हणून.

मी एकेचाळीस वर्षांची आहे. बाबा हसते कसा हे मला सांगता येणार नाही.

मी बाबाजवळ बसली. काही विचारायचं नाही असं ठरवून बसली. बैल रवंथ करत होता, शेजारी कोणी मळणीचं यंत्र धूत होतं. आणि बाबा आपणहून बोलायला लागला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

मायच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलला.

मी तो दिवस सगळ्यांना सांगते, तुला माहीत आहे. अंगणवाडीत बायकांना सांगते, नातेवाईकांना सांगते. माय दवाखान्यात होती, आम्ही तिघंही जवळ होतो, कुलदीपनं मायचा हात धरून सांगितलं की काळजी करू नको, मी ताईच्या शब्दाबाहेर जाणार नाही, आणि मायनं समाधानानं डोळे मिटले. साडेतीन वर्षं मी हे असंच सांगत आली. मला असंच आठवते.

बाबा म्हणाला, "तसं नव्हतं झालं."

मी म्हटलं, "मंग कसं?"

"तो 'माय, मी' एवढंच म्हणला. अटकला. पुढचं काढून राह्यला होता तोंडातून, शिरा ताणल्या होत्या मानेच्या. मंदा, तुमची माय, त्याच्याकडं पाहून राह्यली होती, तिले घाई नव्हती. तिनं कधीच घाई नाही केली त्याची. आन् तू म्हणली, माय, तो म्हणते काळजी करू नको, मी ताईचं ऐकीन. त्यानं मान हालवली. नाही म्हणून हालवली. मंदानं ते पाह्यलं. तिनं तुझ्याकडं पाह्यलं, त्याच्याकडं पाह्यलं, आन् डोळे लावले. मंग उघडलेच नाही."

मी विचारलं, "बाबा, हे तुमी मले तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगाले जागा कुठं असते, रक्षा?"

तो रागात नव्हता. सांगून राहिला होता, शेताचा बांध कुठून फुटला ते सांगावं तसा.

"मी मुका नाही," म्हणाला. "लोक म्हणतात पुंडलिकराव बोलत नाही. मी बोलत होतो. तू मोठी झाली, घरातलं सगळं बोलणं तुझं झालं. म्हटलं, असू दे. पोरगी धडपड करते. मायच्या जागी राहते. तेच चुकलं माझं. मी बोललो असतो तर त्यालेबी बोलता आलं असतं."

मग म्हणाला की मायला जे सांगायचं राहिलं होतं ते तू आदल्या दिवशी त्याला सांगितलं. पूर्ण सांगितलं. अर्धा तास लागला.

मी म्हटलं, "काय होतं?"

बाबानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. "त्यानं तुले सांगू नको म्हटलं आहे."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खोटं लिहीत नाही, ओठापर्यंत आलं होतं.

त्याला आता आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी तुझं ते वाक्य मनात किती प्रकारे पूर्ण केलं असेल. माय, मी मिलमधून सुटेन. माय, मी तुझी आठवण ठेवीन. माय, मी ताईला सांभाळीन. भांडी घासताना करते, रजिस्टर भरताना करते. मग लक्षात येते की प्रत्येक वेळी मी तेच वाक्य तयार करते ज्यात माझं वाईट नसते. तू मान हलवून नाही म्हटलं होतं. ते नाही कोणाला होतं, ते मला माहीत आहे.

आणि ही पत्रं. जुनी पत्रं तर तुझ्याकडं आहेत, पण काय काय लिहिलं ते मला पाठ आहे. तू काहून गेला ते मी सांगितलं. तुला काय लागलं ते मी सांगितलं. माफी मागितली असती तर तू काय म्हणाला असता तेही मीच सांगितलं. नऊ महिने मी तुझ्याशी बोलत होती, आणि त्यातही तुझी पाळी एकदाही आली नाही.

म्हणून हे शेवटचं. तू उत्तर दिलं नाही तर त्याचा अर्थ मी कोणाला सांगणार नाही. लोक विचारतात, कुलदीप कसा आहे. मी म्हणते, मला माहीत नाही. ते चमकून पाहतात. त्यांना वाटते भांडण झालं.

बाबाला त्याचा वेगळा फोन घेऊन दिला. आतापर्यंत सगळे फोन माझ्याच फोनवर येत होते आणि मी त्याला ओरडून सांगत होती कोण काय म्हणते ते. नंबर तेजरामकडं दिला आहे, तुझ्याकडं पोहोचला असेल. फोन बाबाच्याच खिशात राहते. उचलायचा कसा ते त्याला दोन दिवसांत जमलं.

काल दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी बाहेर निघून गेली, पार रस्त्यापर्यंत. दुसऱ्या वेळी बराच वेळ उभी होती. परत आली तेव्हा बाबा फोन खिशात ठेवून राहिला होता. कोणाचा होता ते त्यानं सांगितलं नाही.

रक्षा